जादा वेळ मिळाला होता

पुण्यात खराडीतल्या एका कंपनीत अकाउंट्सला इन्व्हॉइस तपासायची जागा होती. उमेदवाराला स्वमग्नता (ऑटिझम) आहे हे आम्ही अर्जातच कळवलं होतं, म्हणून एचआरच्या मुलीनं आपणहून फोन केला. "मॅम, आम्ही त्याला टेस्टसाठी अर्धा तास जादा देतोय." तिच्या हेतूबद्दल मला अजिबात शंका नाही. पण ही गणिताची टेस्ट नव्हती, व्यक्तिमत्त्वाची होती. 'फार विचार करू नका, पहिलं मनात येईल ते निवडा' अशी सूचना पहिल्याच स्क्रीनवर होती. अशा टेस्टला जादा वेळ देऊन काय होणार? दादा आणखी अर्धा तास विचार करणार, आणि जितका विचार करेल तितका अडकत जाणार.

दादा हे त्याचं नाव नव्हे. घरी धाकटी बहीण आहे, त्यामुळे आईवडिलांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे त्याला दादाच म्हणतात. मीही म्हणते. बी.कॉम. झालाय, टॅली येतं, एक्सेलवर हात चांगला बसलाय. माझं काम अशा तरुणांना नोकरीला लावण्याचं आणि लागल्यावर ती टिकवण्याचं. लोकांना वाटतं की कंपन्यांच्या मागे लागणं एवढंच हे काम. खरा वेळ जातो तो जागा पाहण्यात. खुर्ची एसीच्या झोताखाली आहे का, सूचना तोंडी मिळतात की मेलवर, जेवायच्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये कितपत गलका असतो, संध्याकाळची पीएमपीची बस कुठून सुटते. हे सगळं बोलून जुळवता येतं. टेस्टचं तसं नाही. ती माणूस आत यायच्या आधीच असते आणि तिच्याशी बोलायला कुणी नसतं.

एरवी घरी लिंक येते. या वेळी त्यानं टेस्ट ऑफिसमध्ये येऊन द्यावी आणि मी शेजारी बसावं असं ठरलं. शब्दाचा अर्थ सांगायची मला मुभा होती, उत्तर सुचवायची नव्हती. टेस्ट इंग्रजीत होती, विधानं इथे मराठीत लिहिते.

'मी बऱ्याचदा कामं पुढे ढकलतो.' पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत असे पाच पर्याय. दादानं माउसवरून हात काढला. "ताई, बऱ्याचदा म्हणजे शंभरात किती वेळा?"

मी गप्प बसले, कारण टेस्टमध्ये याचं उत्तर नव्हतं. पण ते दुसरीकडे आहे, आणि दादाच्याच कागदपत्रांत आहे. आपल्याकडे स्वमग्नतेचं प्रमाणपत्र देताना 'इसा' नावाची मोजपट्टी वापरतात, सिकंदराबादच्या बौद्धिक अपंगत्वाच्या राष्ट्रीय संस्थेत तयार झालेली. ४० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ गुण. तिथे प्रत्येक शब्दाला टक्केवारी ठरवून दिली आहे: क्वचित म्हणजे २० टक्क्यांपर्यंत, कधीकधी म्हणजे २१ ते ४०, वारंवार ४१ ते ६०, बहुतेक वेळा ६१ ते ८०, आणि त्यापुढे नेहमी. प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरांनाही हे शब्द अंदाजानं वापरायला सांगितलेलं नाही. मग ज्याला ते प्रमाणपत्र मिळालं त्यानं, नोकरी मागताना, हे शब्द अंदाजानं वापरावेत अशी अपेक्षा का?

पुढे आलं, 'मी कामावर क्वचितच उशिरा पोचतो.' दादानं जराही न थांबता 'पूर्ण असहमत' निवडलं. मला आधी कळेना. मग लक्षात आलं, तो कधीच उशिरा पोचत नाही. क्लासला, संगणक केंद्रात, माझ्याकडे, एकदाही नाही. 'क्वचित' उशिरा पोचतो असं लिहिणं म्हणजे थोडं खोटं लिहिणं, म्हणून असहमत. यंत्रानं त्याचा अर्थ लावला की हा उशिरा येणारा आहे. बऱ्याच विधानांनंतर तीच गोष्ट फिरवून आली: 'मी नेहमी वेळेवर असतो.' दादा पूर्ण सहमत. या टेस्टांमध्ये एकच गोष्ट दोनदा विचारतात ती उत्तरं जुळतात का हे पाहायला. दादाची दोन्ही उत्तरं शंभर टक्के खरी होती आणि ती जुळली नाहीत.

'मला लोकांमध्ये रमायला आवडतं.' कोणते लोक? आजोळची माणसं आवडतात, लग्नातली गर्दी नाही, चेस क्लबमधले चौघे आवडतात. त्यानं तटस्थ निवडलं. 'दुसऱ्याची वस्तू मी कधीही न विचारता घेतलेली नाही.' असहमत, कारण चौथीत त्यानं बहिणीचं खोडरबर घेतलं होतं. अशी विधानं कधी बढाईखोर पकडायला घातलेली असतात, कधी सचोटी मोजायला. बाहेरून पाहून कशासाठी आहे ते सांगता येत नाही. म्हणजे तेच खरं उत्तर एका टेस्टमध्ये गुण मिळवून देतं आणि दुसरीत कापून घेतं.

मला सगळ्यात जास्त खुपतं ते वेगळंच. केंब्रिजच्या संशोधकांनी २००१ मध्ये स्वमग्नतेची लक्षणं मोजायला ५० विधानांची प्रश्नावली प्रसिद्ध केली, जगभर वापरतात ती. एकट्यानं करण्यापेक्षा चारचौघांबरोबर गोष्टी करणं आवडतं का, पार्टीपेक्षा ग्रंथालयात जाणं आवडतं का, समोरच्याच्या मनातलं ओळखता येतं का, अशी विधानं त्यात आहेत. दादाच्या समोरच्या स्क्रीनवरची निदान डझनभर विधानं याच जातीची होती. दवाखान्यात त्या उत्तरांमुळे मदतीची वाट उघडू शकते. इथे त्याच उत्तरांवरून माणूस बाद होतो, आणि आपण अपंगत्वावरून कुणाला बाद केलं हे कंपनीला कळतही नाही.

निकाल लगेच आला. गुण कमी असं नव्हतं, 'उत्तरं विश्वासार्ह नाहीत' असा शेरा होता. माझ्या ओळखीच्या सगळ्या उमेदवारांत ज्याच्या शब्दावर मी डोळे झाकून विसंबेन त्याच्याबद्दल हा शेरा. एचआरच्या मुलीचा चेहरा पडला होता. "मॅम, स्कोअर कमी असता तरी मी वर विचारलं असतं. पण हा शेरा असला की पोर्टल पुढे जाऊच देत नाही." टेस्टमध्ये कोणती विधानं आहेत ती तुम्ही वाचलीत का, असं मी विचारलं. नव्हती वाचली. टेस्ट विकत घेणाऱ्या फार थोड्या कंपन्या ती वाचतात, हे मी आता ठामपणे म्हणू शकते.

अकाउंट्सचे मॅनेजर मात्र स्वतः खाली आले. जागा बरेच दिवस रिकामी होती आणि त्यांची माणसं रात्री थांबून काम उरकत होती. "अहो, आलाच आहे तर बसू दे की थोडा वेळ," म्हणाले, आणि गेल्या वर्षीच्या बंद झालेल्या इन्व्हॉइसची एक फाइल दादापुढे ठेवली. काम थ्री-वे मॅचिंगचं: पीओवर, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरवर, मागवलेली संख्या आणि दर, जीआरएनवर, म्हणजे माल मिळाल्याच्या नोंदीवर, गेटातून खरोखर आत आलेला माल आणि इन्व्हॉइसवर लावलेले पैसे, तिन्ही जुळले तरच बिल पास. शिवाय जीएसटीआयएन (जीएसटीचा नोंदणी क्रमांक) आणि एचएसएन कोड (मालाच्या प्रकाराचा) पाहायचा, वाहतूक खर्च वेगळा लावलाय का तेही. दादानं आधी एकच प्रश्न विचारला: "जुळलं नाही तर काय करायचं?" साहेबांनी सांगितलं, वेगळ्या ट्रेमध्ये ठेव आणि कारण लिही. मग तो लागला कामाला. सुरुवातीला हळू, एकेक कागद बोट फिरवून वाचत होता, नंतर वेग आला. एका इन्व्हॉइसमध्ये माल दोन खेपांत आला होता, जीआरएन दोन होते. तिथे तो चुकला आणि इन्व्हॉइस अडवून ठेवला. साहेबांनी दाखवल्यावर त्यानं ते वहीत लिहून घेतलं आणि पुढचा तसाच आलेला बरोबर पास केला. बाकी ट्रेमध्ये ठेवलेल्या प्रत्येक कागदावर कारण होतं. साहेब म्हणाले, "मला हेच पाहिजे. येत नसलेलं दडपून पास करणारी माणसं मी फार निस्तरलीत."

त्यांच्या हातात होतं तेवढं त्यांनी केलं. पोर्टल त्यांच्या हातात नव्हतं.

परतताना दादाच्या आईंनी विषय काढलाच. "ताई, कुठे काय टिक करायचं ते तुम्ही शिकवा ना त्याला. कॉलेजची मुलं क्लास लावून शिकतात." खरंच शिकतात. पुण्यात प्लेसमेंटच्या तयारीत हेही घोटून घेतात. दादा शांतपणे म्हणाला, "पार्टीला जायला आवडतं असं लिहिलं, तर नोकरी लागल्यावर पार्टीला जावं लागेल का?"

काही गोष्टी मी बिनदिक्कत शिकवीन. 'क्वचित' या शब्दात 'कधीच नाही' धरायचं, ही टेस्टची भाषा आहे, ती शिकण्यात खोटेपणा नाही. 'कामाच्या ठिकाणी' असं लिहिलं नसलं तरी ते धरूनच उत्तर द्यायचं, हेही ठीक. पण माणसांत रमतो का, याचं काय शिकवू? आज त्याला खोटं टिक करायला लावलं, तर उद्या मॅनेजर त्या उत्तराच्या भरवशावर त्याला ग्राहकांच्या फोनवर बसवेल. आणि नाही शिकवलं तर तो दारातच अडतो. आईंना मी त्या दिवशी उत्तर दिलं नाही.

कंपनीला पत्र मात्र लिहिलं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे. कलम २१ प्रमाणे प्रत्येक आस्थापनेला समान संधी धोरण जाहीर करावं लागतं, आणि २०१७ च्या नियमांनुसार वीस किंवा जास्त माणसं असलेल्या खाजगी आस्थापनेच्या धोरणात दिव्यांगांची निवड कशी करणार हेही यावं लागतं. यूपीएससीच्या परीक्षेत लेखनिक मागणाऱ्या विकास कुमार यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये स्पष्ट केलं की सोयी-सवलती ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणे ठरतात. अमेरिकेत एसीएलयू या नागरी हक्कांच्या संघटनेनं मे २०२४ मध्ये एऑन या कंपनीच्या अशाच टेस्टांविरुद्ध फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी यंत्रणेकडे तक्रार केली आहे, त्यात स्वमग्न उमेदवारांवर होणाऱ्या अन्यायाचा मुद्दा आहे, हेही लिहिलं. मागणी एवढीच केली की जादा वेळ नको, टेस्टऐवजी दोन दिवस काम देऊन पाहा.

उत्तर दोन ओळींचं आलं: टेस्ट सर्वांना सारखीच आहे, त्यामुळे भेदभाव होत नाही. पायऱ्यासुद्धा सगळ्यांना सारख्याच असतात, म्हणून आपण रॅम्प बांधायचं थांबवलं नाही. हे मी त्यांना कळवलं आहे. मॅनेजरसाहेबांनी दादानं तपासलेल्या इन्व्हॉइसची यादी जोडून वर मेल टाकला आहे, त्याचं काही आलेलं नाही. मधल्या काळात हडपसरच्या एका कंपनीची लिंक आली आहे आणि तिथेही टेस्ट आहे. या वेळी अर्ज भरायच्या आधीच मी त्यांच्याकडे विधानांचा नमुना मागितलाय, आणि 'बऱ्याचदा'पुढे टक्के लिहून द्याल का, असंही विचारलंय.