किराणा-वही पार्सर, नोंद ६: फाईल सोडली, स्ट्रिंग धरली

मागच्या नोंदीपर्यंत पार्सर (किराणा यादीच्या ओळींतून जिन्नस, वजन आणि किंमत वेगळी काढणारा माझा जावा कोड) फाईलचं नाव घ्यायचा आणि फाईल स्वतःच उघडायचा. त्यामुळे «तूर डाळ 2.5 किलो 410» एवढी एक ओळ तपासायची तरी आधी फाईल बनवा, सेव्ह करा, मग चालवा. आता त्याचा कन्स्ट्रक्टर (ऑब्जेक्ट तयार करणारा भाग) फक्त एक रीडर (मजकूर अक्षरं-अक्षरं वाचून देणारा) घेतो. जावात रीडर हा अमूर्त क्लास. फाईलरीडर, स्ट्रिंगरीडर, इनपुटस्ट्रीमरीडर ही सगळी त्याचीच पिलावळ. मजकूर कुठून येतोय याच्याशी पार्सरला देणंघेणं उरलेलं नाही. चाचणीत स्ट्रिंगरीडर (थेट स्ट्रिंगमधून, म्हणजे मेमरीतल्या मजकुरातून वाचणारा) द्यायचा, प्रत्यक्ष वापरात फाईलचा. ज्याने उघडलं त्याने बंद करायचं, म्हणून पार्सर क्लोज() ला हात लावत नाही.

स्कॅनर (शब्द, आकडे, ओळी वाचून देणारा जावाचा तयार क्लास) काढून टाकला. स्ट्रिंगवर तो चालतो, पण त्याचे दोन चकवे फार वेळ खातात. पहिला: न्यू स्कॅनर("यादी") असं लिहिलं की «यादी» नावाची फाईल उघडत नाही, तो शब्दच इनपुट म्हणून वाचला जातो. कंपायलर गप्प, कारण स्ट्रिंग घेणारा कन्स्ट्रक्टर खरंच आहे. दुसरा जुनाच: नेक्स्टइंट() आकडा उचलतो, त्यामागचं ओळ-चिन्ह तिथेच ठेवतो, आणि पुढचं नेक्स्टलाइन() रिकामी स्ट्रिंग हातात देतं. शिवाय वाचताना आलेला आयओ-एक्सेप्शन (वाचन फसल्याची सूचना) स्कॅनर गिळतो; आयओएक्सेप्शन() विचारल्याशिवाय कळतच नाही.

जुन्या कोडमधून काही उचलत असाल तर स्ट्रिंगबफरइनपुटस्ट्रीम (स्ट्रिंगमधून बाइट देणारा जुना क्लास) दिसला की तिथेच थांबा. जावा १.१ पासून तो बाद ठरवलेला आहे, कारण तो प्रत्येक अक्षराचे खालचे आठच बिट देतो. «क» चा कोड २३२५. त्याचे खालचे आठ बिट म्हणजे २१. मराठी यादीचा पार भुगा होतो, आणि इंग्रजी यादीवर चाचणी केली असेल तर सगळं हिरवंगार दिसतं.

वाचनाचा लूप रेडी() (न थांबता वाचता येईल का, हे सांगणारी पद्धत) वर कधीच टांगू नका. स्ट्रिंगरीडरचं रेडी() मजकूर संपल्यावरही «होय» च म्हणतं. लूप थांबत नाही, रीड() उणे १ देत राहतं, आणि तो आकडा तपासण्याआधी «char» या अक्षर-प्रकारात कोंबला की ६५५३५ कोडचं अक्षर बनतं. रीड() चं उत्तर आधी इंटमध्ये (पूर्णांकात) घ्या, उणे १ (मजकूर संपला) आहे का ते बघा, मगच त्याचं «char» करा.

या खेपेची खरी गोची मार्क() (आत्ताच्या जागी खूण करणं) आणि रीसेट() (त्या खुणेवर परत जाणं) मध्ये निघाली. यादीत «//» ने टीप सुरू होते, पण «1/2 किलो» मध्येही तिरपी रेघ येते. म्हणून रेघेआधी मार्क(1) (कंसातली मर्यादा म्हणजे किती अक्षरं पुढे वाचेपर्यंत खूण टिकायला हवी), मग दोन अक्षरं वाचायची, दुसरी रेघ नसेल तर रीसेट(). स्ट्रिंगरीडरवर एकूण एक चाचणी पास. कारण सगळी स्ट्रिंग मेमरीत असल्याने तो मार्कला दिलेली मर्यादा फक्त ऋण नाही ना एवढंच बघतो. मागे किती जायचं याची त्याला फिकीर नाही. प्रत्यक्ष वापरात फाईलच्या रीडरवर चढवलेला बफर्डरीडर (बफर नावाच्या साठ्यात गठ्ठ्याने अक्षरं भरून ठेवणारा) मात्र मर्यादा पाळतो, तीही फक्त बफर पुन्हा भरायची वेळ आली की. जेडीकेत (जावाच्या नेहमीच्या संचात) बफर ८१९२ अक्षरांचा. म्हणजे पहिली रेघ नेमकी बफरच्या शेवटच्या अक्षरावर आली तरच «मार्क इनव्हॅलिड». ४० ओळींची यादी वर्षभर बिनतक्रार चालेल, आणि एखाद्या महिन्यात यादी लांबली की कोसळेल. दोन अक्षरं वाचायची तर मार्क(2) हवं, इतकी साधी चूक.

ती चूक स्ट्रिंगवरच पकडायची सोय अशी: फिल्टररीडरचा (दुसऱ्या रीडरवर बसणाऱ्या क्लासचा) एक छोटा वारस लिहिला, नाव अडखळरीडर. त्यात अॅरेत वाचणाऱ्या रीड() ची एकच पद्धत ओव्हरराइड केली (आपल्या परीने नव्याने लिहिली): कितीही अक्षरं मागा, आत लांबी म्हणून मॅथ.मिन(लांबी, 1) पाठवायची. मग रचना आतून बाहेर अशी: स्ट्रिंगरीडर, त्यावर अडखळरीडर, त्यावर बफर्डरीडर. आता बफरला दर खेपेला एकच अक्षर मिळतं, प्रत्येक अक्षराला तो पुन्हा भरावा लागतो आणि मार्कची मर्यादा दर वेळी तपासली जाते. «1/2» या तीन अक्षरांच्या स्ट्रिंगवर मार्क(1) लगेच फुटतं. अॅरे पूर्ण भरूनच मिळेल असं गृहीत धरणारा कोडही यातच उघडा पडतो. वारसाहक्काचा इतका स्वस्त उपयोग क्वचितच सापडेल.

चाचणीच्या स्ट्रिंगा: रिकामी, नुसतं ओळ-चिन्ह, शेवटी ओळ-चिन्ह नसलेली (ओळ-चिन्ह आलं तरच नोंद साठवत असाल तर शेवटचा जिन्नस इथे गळतो), सुरुवातीला ६५२७९ कोडचं बीओएम (फाईलच्या आरंभी येणारी अदृश्य खूण) असलेली, कारण जावाचा यूटीएफ-८ वाचक ते काढत नाही, आणि विंडोजची दुहेरी ओळ-चिन्हं (आधी कॅरेज रिटर्न, मग नवी ओळ) असलेली. या शेवटच्या चाचणीसाठी तिहेरी अवतरणाचा टेक्स्ट ब्लॉक (जावा १५ पासून) वापरू नका. सोर्स फाईलमधली ओळ-चिन्हं कंपायलर सरसकट एकेरी करून टाकतो. चाचणी पास होते, पण तपासायचं ते तपासलंच जात नाही. कॅरेज रिटर्न एस्केप लिहूनच घाला.

देवनागरी आकड्यांची गंमत वेगळीच. इंटिजर.पार्सइंट("२५") बिनबोभाट २५ देतं. डबल.पार्सडबल("२.५") मात्र नंबरफॉरमॅट-एक्सेप्शन फेकतं, त्याला फक्त इंग्रजी अंक चालतात. बिगडेसिमलचा (दशांश आकडे अचूक ठेवणाऱ्या क्लासचा) स्ट्रिंग घेणारा कन्स्ट्रक्टर देवनागरी अंक घेतो. पैशाच्या हिशेबाला डबल तसाही नकोच, म्हणून वजन आणि किंमत दोन्ही तिकडे वळवली. दशांश-चिन्ह टिंबच हवं. «१,२५०» मधला स्वल्पविराम आधी आपण काढायचा.

चूक कळवणाऱ्या संदेशात आता ओळ क्रमांक येतो: बफर्डरीडरच्या जागी त्याचाच वारस लाइननंबररीडर घातला. तो शून्यापासून मोजतो, दाखवताना एक मिळवा. दुहेरी ओळ-चिन्ह तो रीड() मध्येही एकच करून देतो, त्यामुळे कॅरेज रिटर्नची वेगळी काळजी सुटली, आणि रीसेट() केल्यावर ओळ क्रमांकही मागे येतो. ओळीतलं कितवं अक्षर ते मुद्दाम दाखवलेलं नाही. «क्षि» डोळ्याला एक अक्षर, रीडरला चार. मोडीतलं एकेक चिन्ह तर रीडरला दोन-दोन, कारण मोडीचे कोड १६ बिटांच्या पलीकडचे आहेत. चुकीचा स्तंभ दाखवण्यापेक्षा ती अख्खी ओळ छापणं बरं; सध्या तेच केलंय.