वर्षातून खंड वजा केला की 1954

माझ्या पीएच.डी.च्या दुसऱ्या प्रगती अहवालाच्या वेळी समितीतल्या एका सदस्यांनी विचारलं, "मॅडम, या जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर किती?"

माझा विषय होता 'इंडियन जर्नल ऑफ पब्लिक अ‍ॅडमिनिस्ट्रेशन' या त्रैमासिकाचा आपल्याकडच्या लोकप्रशासनाच्या अभ्यासावर पडलेला प्रभाव. कोणत्या दशकात कोणते विषय आले, जिल्हाधिकारी या पदावर कुणी काय लिहिलं, पंचायत राज कधीपासून गाजू लागलं, असं बरंच मी लिहून नेलं होतं. पण प्रभाव मोजलाय कुठे, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. शीर्षकातच तो शब्द होता आणि तो सिद्ध करणारं माझ्याकडे काही नव्हतं. बाहेर आल्यावर गाईड सर एवढंच म्हणाले, "आकडा शोध. पण कोणता आकडा, ते आधी ठरव."

विदर्भातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात मी बी.ए.ला लोकप्रशासन शिकवते. आमच्या विषयाची या देशातली वाटचाल या जर्नलपासून वेगळी काढता येत नाही. 1953 मध्ये सिरॅक्यूज विद्यापीठातल्या मॅक्सवेल स्कूलचे डीन पॉल अ‍ॅपलबी यांनी भारताच्या प्रशासनावर अहवाल दिला. त्यात लोकप्रशासनाची एक संस्था उभारावी अशी शिफारस होती. 29 मार्च 1954 रोजी दिल्लीत भारतीय लोकप्रशासन संस्था (इंग्रजी आद्याक्षरांनी आयआयपीए) स्थापन झाली, पंडित नेहरू तिचे पहिले अध्यक्ष झाले, आणि पुढच्याच वर्षी, 1955 मध्ये, हे त्रैमासिक निघालं. आम्ही शिकवतो त्या मराठी क्रमिक पुस्तकांच्या मुळाशी गेलं, की कुठे ना कुठे याचा एखादा अंक सापडतो. यूपीएससीला लोकप्रशासन घेणारी मुलं आजही त्यातल्या लेखांच्या झेरॉक्स जपून ठेवतात. हे सगळं मला माहीत होतं, पण ते प्रबंधात कसं मांडायचं ते माहीत नव्हतं.

सुरुवात इम्पॅक्ट फॅक्टरपासूनच केली. सूत्र सोपं आहे. 2024चा आकडा हवा असेल, तर 2022 आणि 2023 मध्ये जर्नलने छापलेल्या लेखांना 2024 मध्ये किती वेळा संदर्भ म्हणून घेतलं गेलं ते मोजायचं आणि त्या दोन वर्षांतल्या लेखांच्या संख्येने भागायचं. समजा दोन वर्षांत 80 लेख आले आणि पुढच्या वर्षी त्यांचे 60 संदर्भ मिळाले, तर आकडा 0.75. संदर्भांवरून वाङ्मयाचा माग काढायची ही कल्पना युजीन गारफिल्ड यांनी 'सायन्स'मध्ये मांडली ती 1955 मध्ये, म्हणजे आमचं जर्नल निघालं त्याच वर्षी. हा योगायोग लक्षात आला त्या दिवशी मला फार आनंद झाला आणि तो मी पहिल्याच पानावर घातला.

आमच्या प्राध्यापकवर्गात हा आकडा बढतीच्या फॉर्मवरून ओळखीचा आहे. यूजीसीच्या 2018च्या नियमावलीत, जर्नलला इम्पॅक्ट फॅक्टर नसेल तर लेखाला 5 वाढीव गुण, एकपेक्षा कमी असेल तर 10, एक ते दोनच्या मध्ये असेल तर 15, अशी चढती पायरी आहे. आणि हे इम्पॅक्ट फॅक्टर कुणाच्या यादीतले धरायचे, तर थॉमसन रॉयटर्सच्या, असं त्यात लिहिलं आहे. त्या कंपनीने हा व्यवसाय 2016 मध्येच विकून टाकला होता आणि तो पुढे क्लॅरिव्हेट नावाने चालू लागला होता. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातल्या कक्षात जर्नल तपासून यूजीसी-केअर ही मान्य जर्नलांची यादी बनायची, तीही 2025च्या फेब्रुवारीत बंद झाली. याद्या येतात, जातात, आणि दर वेळी आमची सहकारी मंडळी जुन्या फाइली काढून बसतात. म्हणूनच मला यादीवर अवलंबून राहायचं नव्हतं.

त्यातून दोन वर्षांची खिडकी माझ्या कामाची नव्हती. प्रशासनावरचा लेख औषधाच्या प्रयोगासारखा वर्षभरात जुना होत नाही. कुणी तो वाचतो, तीन वर्षांनी शिकवतो, सातव्या वर्षी आपल्या प्रबंधात घेतो. मला साठ-सत्तर वर्षांचा हिशेब हवा होता. विद्यापीठाच्या ग्रंथालयातल्या संगणकावर वेब ऑफ सायन्स या निवडक जर्नलांच्या आंतरराष्ट्रीय सूचीत 'उद्धृत संदर्भ' शोधायची सोय असते. तीत जर्नल स्वतः त्या यादीत नसलं तरी यादीतल्या इतरांनी त्याचं नाव घेतलं असेल तर ते दिसतं. तिथून मी आठवडाभर नोंदी उतरवल्या. मग घरी लॅपटॉपवर अ‍ॅन-विल हार्झिंग यांचं 'पब्लिश ऑर पेरिश' हे मोफत सॉफ्टवेअर टाकलं. ते गूगल स्कॉलर या संशोधनलेख शोधायच्या गूगलच्या सेवेतून नोंदी ओढून आणतं. एका शोधाला हजारच्या वर नोंदी मिळत नाहीत, म्हणून वर्षांचे लहान लहान तुकडे करून शोधावं लागतं, आणि घाई केली की गूगल मधेच 'तुम्ही यंत्र नाही ना' असं विचारून अडवतं. रात्री जेवणं झाल्यावर मी एकेक दशक घ्यायचे.

खरी अडचण नावाची होती. संदर्भ देणारे लोक जर्नलचं नाव हवं तसं तोडतात. कुठे 'इंड. जर्न. पब. अ‍ॅड.', कुठे 'आयआयपीए जर्नल', कुठे नुसतं 'आयजेपीए'. आणि या शेवटच्या आद्याक्षरांवर आणखी एक दावेदार आहे: 1979 पासून निघणारं 'इंटरनॅशनल जर्नल ऑफ पब्लिक अ‍ॅडमिनिस्ट्रेशन'. इंग्रजीत दोघांचीही आद्याक्षरं अगदी तीच. एक्सेलमध्ये माझ्या शेकडो ओळी अशा होत्या, की त्यातलं भारतीय कोणतं आणि आंतरराष्ट्रीय कोणतं ते नावावरून कळतच नव्हतं. दोन महिने मी एकेक मूळ लेख उघडून पाहत होते आणि मेटाकुटीला आले होते.

मग एका दुपारी, स्टाफरूममध्ये, जुन्या अंकाच्या मुखपृष्ठावरचे रोमन आकडे वाचताना माझ्या लक्षात आलं. खंड अकरा, वर्ष 1965. खंड 63, वर्ष 2017. याच वर्षापासून जर्नल सेज प्रकाशनाकडून निघू लागलं. दोन्हींत वर्षातून खंड वजा केला तर 1954. पहिला खंड 1955चा, आणि तेव्हापासून दर वर्षी एक खंड हा क्रम पाळला गेलेला, त्यामुळे वजाबाकी नेहमी तीच. शिवाय ते संस्थेच्या स्थापनेचंच वर्ष! एक्सेलमध्ये एक नवा रकाना केला, वर्ष वजा खंड, आणि जिथे 1954 आलं त्या ओळी हिरव्या केल्या. दुसऱ्या जर्नलची वजाबाकी तिथे पोचत नाही. दोन महिन्यांचं काम दोन तासांत निवळलं. उरलेल्या शंकास्पद ओळी थोड्या होत्या, त्या हाताने पाहिल्या. असं काम करणाऱ्या कुणालाही मी हेच सांगते: नावावर विसंबू नका, आधी खंड आणि वर्ष यांचं नातं शोधा.

एच-निर्देशांक वगैरे मग पटकन झालं. हॉर्हे हर्श यांची ही 2005ची कल्पना: निदान वीस वेळा उद्धृत झालेले वीस लेख असतील तर निर्देशांक वीस. संपूर्ण जर्नलची सरासरी मी दिलीच नाही, मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, दिला, कारण दोन-चार लेख फार उद्धृत होतात आणि सरासरी त्यांच्याबरोबर वर ओढली जाते.

सर म्हणाले, "छान. आता सांग, यात मराठी प्रबंध किती?"

मी गप्प झाले. एकही नव्हता.

नागपूर विद्यापीठात लोकप्रशासनाचा विभाग 1949च्या सुमाराला सुरू झाला. आपल्याकडे या विषयात मराठीतून किती तरी प्रबंध झाले: जिल्हा परिषदांवर, ग्रामसेवकांवर, रोजगार हमीवर. त्यांतल्या संदर्भसूचीत हे जर्नल नक्की असणार, कारण मी स्वतः माझ्या एम.फिल.च्या वेळी ते तिथे घातलं होतं. मग ते आकड्यात का येत नाही? गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचं 'शोधगंगा' हे प्रबंधांचं भांडार मी उघडलं आणि जर्नलचं नाव देवनागरीत टाकून पाहिलं. फारसं काही हाती लागलं नाही. एक प्रबंध उतरवून घेतला. डोळ्यांना संदर्भसूचीत नाव स्वच्छ दिसत होतं. तोच मजकूर कॉपी करून दुसरीकडे पेस्ट केला, तर रोमन अक्षरांचा नुसता चुरा पडला.

आपल्याकडचे अनेक जुने प्रबंध युनिकोड या सगळ्या संगणकांना कळणाऱ्या अक्षरपद्धतीच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप झालेले आहेत, कृतिदेव, श्रीलिपी आणि त्यांची भावंडं. त्यांत कागदावर 'प्रशासन' उमटतं, पण संगणकाच्या पोटात भलतीच रोमन अक्षरं साठवलेली असतात. गूगल स्कॉलरला ती वाचता येत नाहीत. म्हणजे मराठीत लिहिणाऱ्या अभ्यासकाने जर्नल कितीही वाचलं, कितीही संदर्भ दिले, तरी जगाच्या हिशेबात ते शून्यच धरलं जातं.

यावर आमच्या कॉलेजातल्या टायपिंगच्या मुलाने उपाय सुचवला. "मॅडम, त्याच फॉन्टमध्ये शब्द टाइप करा, कॉपी करा आणि शोधाच्या चौकटीत टाका. चुरा दिसेल, पण चुऱ्याला चुरा सापडेल." आणि सापडला! कृतिदेवसाठी एक, श्रीलिपीसाठी एक, असे चार-पाच शोधशब्द करून मी एकेका प्रबंधाच्या पीडीएफमध्ये फिरवले. ज्यांचा मजकूर शोधता येत होता त्यांत नावं भराभर येऊ लागली. त्या मुलाचे आभार मी प्रबंधाच्या ऋणनिर्देशात पहिल्या परिच्छेदात मानले आहेत.

स्कॅन केलेल्यांसाठी मात्र उपाय नव्हता, ते पानागणिक वाचले. रोज तीन, सुट्टीत पाच. संदर्भसूची शेवटी असते, पण तळटिपा प्रत्येक पानावर, आणि पुष्कळ वेळा जर्नल फक्त तळटिपेतच होतं. मी दोन्ही वेगळे मोजले, आणि एका प्रबंधात दहा वेळा आलं तरी ते एकच धरलं. हा नियम आधी लिहून ठेवला होता म्हणून बरं, नाहीतर अधेमधे मोह होतो.

विभागाच्या ग्रंथालयात बांधलेल्या खंडांच्या मागच्या पानावर तारखेच्या पट्ट्या होत्या, तेही मी पाहिलं. जुलै–सप्टेंबरच्या विशेषांकांच्या पट्ट्या शिक्क्यांनी भरून दुसरी चिकटवावी लागलेली, साध्या अंकांच्या अर्ध्या कोऱ्या. हा पुरावा मी परिशिष्टात घातला, मुख्य तक्त्यात नाही. एका ग्रंथालयावरून पुढचं काही बोलणं मला पटलं नसतं.

2015 मध्ये 'नेचर'मध्ये संशोधनाच्या मोजमापाविषयी लायडेन जाहीरनामा आला होता. त्याच्या दहा तत्त्वांतलं तिसरं तत्त्व स्थानिक महत्त्वाच्या संशोधनाला जपा असं आहे. मला त्याचाच आधार होता. मौखिकीच्या वेळी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "मग शेवटी प्रभाव किती?" मी एक आकडा सांगितला नाही. चार रकान्यांचा तक्ता समोर ठेवला: आंतरराष्ट्रीय सूची, गूगल स्कॉलर, इंग्रजी प्रबंध, मराठी प्रबंध. चौथ्या रकान्यात कोणते लेख वर होते ते त्यांनी बोट ठेवून वाचलं. पहिल्या रकान्यातल्या यादीशी ते जुळत नव्हते. तिथे जिल्हा आणि पंचायत यांवरचे लेख होते.

त्या चौथ्या रकान्यातली एक नोंद मला सगळ्यांत जवळची आहे. टाइपरायटरवर केलेला जुना प्रबंध. मराठी टाइपरायटरला रोमन अक्षरं नसल्यामुळे अभ्यासकाने तळटिपेत जागा कोरी सोडली होती आणि नंतर शाईच्या पेनाने जर्नलचं नाव इंग्रजीत लिहिलं होतं. वळणदार अक्षर, खंडाचा रोमन आकडा, वर्ष. मी सवयीने वजाबाकी केली. 1954 आले. तक्त्यात त्या प्रबंधापुढे 1 लिहिला.