साखर पेठ आणि दहा हजार लक्स

"काय बे, दिव्यापुढं बसून ऊन खायलास व्हय?"

मे महिन्यात सुट्टीवर गावी, सोलापूरच्या साखर पेठेत आलो होतो, तेव्हा पार्क चौकात रसाच्या गाड्यापाशी शाळेतला मित्र भेटला. दुपारचे साडेचार वाजले होते, पारा त्रेचाळीसला टेकलेला, आणि आम्ही दोघं डोक्याला टॉवेल गुंडाळून गाड्याच्या फूटभर सावलीत अंग चोरून उभे. अशा वेळी मी त्याला सांगत होतो की स्टॉकहोमला हिवाळाभर रोज सकाळी अर्धा तास मी एका दिव्यासमोर बसतो. तो हसला ते बरोबरच होतं. सोलापूरच्या माणसाचं उन्हाशी एकच नातं, लपायचं. बाजार सकाळी नऊच्या आत, दुपारी खिडक्या बंद, आणि दारातून पाय बाहेर पडला की मागून अम्माचा आवाज, "टोपी!" त्या घरातल्या पोरानं परदेशात दीड हजार क्रोनर, म्हणजे आपले बारा-तेरा हजार रुपये देऊन उजेड विकत घ्यावा?

घ्यावा लागला. कसा, ते सांगतो. तिकडं नव्यानं जाणारी आपली पोरं बरीच आहेत, आणि जाताना लोणचं किती न्यायचं हे सगळे सांगतात, हे कुणी सांगत नाही.

पहिला हिवाळा नवलाईत गेला. बर्फ, फोटो, फोटोवर आत्यांचे अंगठे. दुसऱ्या वर्षी नोव्हेंबरमध्ये बिघडलं. स्टॉकहोम साधारण ५९ अक्षांशावर आहे, आपण साडेसतरावर. डिसेंबरच्या मध्यावर तिथं सूर्य पावणेनऊच्या सुमाराला उगवतो आणि तीनच्या आत मावळतो. सहा तासांचा दिवस. आपल्याकडं सगळ्यात लहान दिवससुद्धा अकरा तासांचा असतो. त्यातही तो सूर्य वर चढतच नाही. भर दुपारी बाराला तो जेवढा वर दिसतो, तेवढा डिसेंबरात सोलापूरला सकाळी साडेसातला असतो. तोही ढग नसले तर, आणि ढग असतातच.

मला रडू येत नव्हतं, म्हणून हे काही दुखणं आहे असं वाटलंच नाही. मी जड झालो होतो. सोलापुरी चादर भिजवून पिळलीय का कधी? एकट्यानं होत नाही, एका टोकाला दुसरा माणूस लागतो. तसली ओली चादर अंगावर घेऊन फिरल्यासारखं. दहा-दहा तास झोपायचो आणि उठल्यावर वाटायचं, आत्ताच तर पडलो होतो. गोड खायची हाव सुटली. ऑफिसखालच्या दुकानातले दालचिनीचे बन दिवसाला तीन. घरून आलेली कडक भाकरी आणि शेंगा चटणी मात्र डब्यात तशीच. शेंगा चटणी उघडायचा कंटाळा येतो, तो सोलापूरकर आजारीच समजावा. सहा किलो वजन वाढलं. बायको म्हणाली, "तीन रविवार झाले, तू उंबरा ओलांडला नाहीस." मी म्हणालो, थंडी आहे. ती म्हणाली, "थंडी गेल्या वर्षीपण होती."

तिनंच दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाईंनी आधी रक्त तपासलं, थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन. मग विचारलं, की याच्या उलटं कधी झालंय का? चार-चार दिवस झोप नको, डोक्यात नुसत्या योजना, पैसे उधळणं, असं तुला किंवा घरात कुणाला? मला प्रश्न विचित्र वाटला. नंतर कळलं की बायपोलर आजार असलेल्या माणसाला हा उजेड उलट्या टोकाला ढकलू शकतो, म्हणून विचारतात. डोळ्यांच्या पडद्याचा काही आजार आहे का आणि कुठल्या गोळ्या चालू आहेत का, हेही विचारलं. काही औषधांनी डोळे उजेडाला जास्त हळवे होतात. आणि शेवटी, आवाज न बदलता, "जगू नये असं वाटतं का?" वाटत नव्हतं. कुणाला वाटत असेल तर त्यानं दिव्याबिव्याच्या भानगडीत न पडता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. ते दिव्याचं काम नाही.

या दुखण्याला नाव आहे, ऋतूनुसार येणारं नैराश्य. १९८४ साली अमेरिकेत नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते शास्त्रीय निबंधात मांडलं. हे रोझेन्थाल मूळचे जोहान्सबर्गचे. न्यूयॉर्कला आल्यावर हिवाळ्यात आपण मंदावतो हे त्यांना स्वतःवरून जाणवलं होतं. म्हणजे तेही आपल्यासारखेच उन्हातले! हे वाचल्यावर मला उगाच बरं वाटलं. स्वीडनच्या उत्तरेकडच्या उमिओ नावाच्या शहरात २०१२ साली बसथांब्यांवर असे दिवे लावले होते, हेही तेव्हाच कळलं. मग एकट्या मलाच लाज कसली?

तर दिवा. आकारानं शाळेतल्या पाटीपेक्षा थोडा मोठा, पांढऱ्या प्लास्टिकच्या तावदानाचा. खोक्यावर छापलंय, १०,००० लक्स. लक्स म्हणजे उजेडाचं माप. आपल्या घरातल्या ट्यूबखाली दोन-तीनशे लक्स मिळाले तरी खूप, आणि सोलापूरच्या भर दुपारच्या उन्हात लाखाच्या आसपास. म्हणजे बारा हजार रुपयांत मला आमच्या गच्चीचा दहावा हिस्सा मिळाला.

पहिले दहा दिवस मी तो चुकीचा वापरला. ऑफिसातून आल्यावर संध्याकाळी सातला लावायचो, टेबलाच्या पार पलीकडच्या टोकाला ठेवून, कारण डोळ्यांवर यायचा. परिणाम असा की रात्री दोनपर्यंत टक्क जागा आणि सकाळी आणखी मेलेला. शेवटी माहितीपत्रक वाचलं. (आधी का नाही वाचलं? इंजिनिअर आहे, म्हणून.) दहा हजारांचा तो आकडा हातभर अंतरावरचासुद्धा नव्हता, वीतभरापेक्षा थोडा जास्त, पंचवीस सेंटिमीटरवरचा होता. मोबाइलवर उजेड मोजायचं अॅप टाकून पाहिलं, तर मी बसायचो तिथं हजारसुद्धा भरत नव्हते. अंतर वाढलं की उजेड फार झपाट्यानं पडतो. अडीच हजार लक्स असतील तर दोन तास बसावं लागतं, दहा हजार असतील तर अर्ध्या तासात भागतं. आणि वेळ सकाळचीच, उठल्या उठल्या. दिव्याकडं टक लावायची नाही. तो किंचित बाजूला ठेवायचा, डोळे उघडे, समोर चहा-पेपर. उजेड कातडीवर नाही, डोळ्यांत जायला हवा. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा असतात ज्यांचं मुख्य काम बघणं नाहीच, दिवस झाला की नाही हे मेंदूतल्या घड्याळाला कळवणं हे त्यांचं काम. ती वर्दी पोचली की झोपेचं संप्रेरक, मेलाटोनिन, आवरतं घेतलं जातं. माझ्या घड्याळाला सकाळी वर्दीच मिळत नव्हती, आणि मी ती संध्याकाळी सातला देत होतो.

आणि हो, याचा ड जीवनसत्त्वाशी संबंध नाही. गावात निम्मे लोक तसा संबंध आहे असंच समजतात. या दिव्यातले अतिनील किरण गाळलेले असतात, कातडीत ड जीवनसत्त्व तयार होत नाही. त्याच्या गोळ्या मला वेगळ्या दिल्या होत्या.

हे सगळं घरी सांगितलं नव्हतं. बायकोनं एक दिवस फोनवर नानांना सांगून टाकलं. आमच्या घरी तेलुगू, दारात मराठी. नाना म्हणजे वडील. बत्तीस वर्षं त्यांनी यंत्रमागावर काढली, टॉवेलच्या कारखान्यात, त्यातली निम्मी रातपाळीत. मला वाटलं, आता ऐकावं लागणार, "चांगलं एसीत बसून काम आहे, तरी तुला काय धाड भरली?" ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मला रातपाळीत असंच व्हायचं."

मी चाट पडलो. नाना स्वतःच्या अंगाबद्दल कधी बोललेच नव्हते. ते सांगत गेले. सकाळी पाळी सुटायची, घरी येऊन खिडकीला चादर टांगून झोपायचे. झोप व्हायची, पण भरायची नाही. तोंडाला चव नाही, माणसांचा राग यायचा. हप्ता बदलून दिवसपाळी लागली की पहिले दोन दिवस हात चालायचे नाहीत, धोट्यातली कांडी संपलेली लक्षात यायची नाही. एका जुन्या कामगारानं त्यांना सांगितलं होतं, दिवसपाळीच्या पहिल्या दिवशी उजाडताना सिद्धेश्वर तळ्यावर जाऊन बस, तोंड पूर्वेला कर. ते बसायचे. "तुझी पाळी चुकलीय," नाना म्हणाले. "किती वाजता लावतोस दिवा?"

साडेसातला, मी म्हणालो. पण उठवत नाही, तीन दिवस लावतो, चौथ्या दिवशी बुडतो.

"तुझे साडेसात म्हणजे आमचे किती?"

हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक. म्हणजे सोलापूरचे बारा.

दुसऱ्या दिवसापासून रोज बरोबर बाराला नानांचा व्हिडिओ कॉल. "दिवा लाव." एवढंच. मग फोन खिडकीत टेकवून ते पेपर वाचत बसायचे, मी इकडं दिव्याच्या बाजूला चहा घेत. बोलणं असायचंच असं नाही. रविवारीसुद्धा सुटका नाही. मागाला कुठं रविवार कळतो, हे त्यांचं म्हणणं, आणि दिव्याच्या बाबतीत ते खरं आहे. चार दिवस सोडला की पुन्हा मागं सरकतो.

पहिले तीन-चार दिवस डोकं दुखलं, डोळे चुरचुरले. थोडा लांब सरकून वेळ वाढवली. साधारण नवव्या-दहाव्या दिवशी काय झालं म्हणाल तर काहीच झालं नाही, फक्त शेंगा चटणीचा डबा उघडला. बायकोनं पाहिलं, बोलली नाही. आठवड्याभरानं दुपारी जेवणाच्या सुट्टीत कोट चढवून बाहेर चालायला लागलो. ढगाळ असलं तरी बाहेरचा उजेड ऑफिसच्या दिव्यांपेक्षा कितीतरी जास्त असतो, हेही डॉक्टरबाईंनीच सांगितलं होतं. सगळ्यांना दिवा लागू पडतोच असं नाही. कुणाला गोळ्या लागतात, कुणाला समुपदेशन जास्त टिकतं. कॅनडात २००६ साली ९६ रुग्णांवर दिवा आणि नैराश्यावरची फ्लुओक्सेटिनची गोळी यांची तुलना झाली, तर दोन्हींकडं सारख्याच, ६७ टक्के रुग्णांना उतार पडला. मला दिवा चालला.

जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या दिवशी बाराला फोन आला, तर पलीकडं नुसता पांढरा पडदा. नाना गर्दीत उभे होते, हात उंच करून नंदीध्वज दाखवत होते. समोर पांढरी बाराबंदी घातलेली माणसं, त्यांच्यावर ऊन, आणि फोनच्या कॅमेऱ्याला ते झेपत नव्हतं. हलग्यांच्या आवाजात ते ओरडले, "लावलास का?" मी मान हलवली. इकडं बाहेर काळोख, टेबलावर माझं पाटीएवढं ऊन.

एप्रिलमध्ये दिवा खोक्यात गेला. तिकडं तेव्हा रात्री आठपर्यंत उजेड असतो. मित्राला मी हे सगळं सांगितलं, तर त्यानं रस संपवून विचारलं, "मग आम्हाला मे महिन्यात डोकं फिरल्यासारखं होतंय, त्याला काय?" त्यानं चेष्टेत विचारलं, पण उन्हाळ्यात उलटा फेरा येणारेही असतात. झोप उडते, भूक जाते, चिडचिड होते. त्यांना दिवा नको, गारवा हवा. तो म्हणाला, "ते आख्खं सोलापूर झालं की बे."

यंदा ऑक्टोबरमध्ये खंडेनवमीला नानांनी विचारलं, "दिवा काढला का?" नाही, अजून थंडी कुठं, मी म्हणालो. माग बंद पडायच्या आधी तेल घालतात, नंतर नाही, असं म्हणून त्यांनी मला फोन धरूनच खोकं उघडायला लावलं. फोनमध्ये पलीकडं कारखान्यात मागांची पूजा चालली होती, झेंडूच्या माळा दिसत होत्या. "त्यालाही हळदकुंकू लाव," ते म्हणाले. लावलं. तावदानाच्या उजव्या कोपऱ्यात. ते आता निघत नाही, स्पिरिटनंही नाही. सकाळी दिवा लावला की चहाच्या कपावर एका बाजूनं किंचित गुलाबी पडतं.