खोलीची किल्ली विद्यार्थ्यांकडे असावी

कोल्हापुरात विद्यार्थ्यांसाठी सभागृहांची वानवा नाही. सागरमाळावरच्या शिवाजी विद्यापीठाच्या विस्तीर्ण परिसरात ती आहेत आणि शहरातल्या बहुतेक महाविद्यालयांतही आहेत. तरीही युवा महोत्सवाच्या एकांकिकेचा सराव संध्याकाळी करायचा असेल, मोठा कॅनव्हास चार दिवस ओला ठेवायचा असेल किंवा नुसते बसून एखादी कल्पना बोलून पाहायची असेल, तर विद्यार्थ्याला आधी अर्ज, मग सही आणि शेवटी कुलूप बंद होण्याची वेळ यांचा विचार करावा लागतो. दुसरीकडे त्याच शहरात मूर्तिकार, चप्पल शिवणारे, कोल्हापुरी साज हा दागिना घडवणारे, तमाशाची ढोलकी वाजवणारे लोक राहतात आणि त्यांचा आमच्या विद्यार्थ्यांशी येणारा संबंध प्रकल्पासाठी भरून घ्यायच्या प्रश्नावलीपुरताच असतो. मी पदवीच्या विद्यार्थ्यांना शिकवते. आमच्या काही विद्यार्थ्यांनी मंगळवार पेठेत एक जुनी, रस्त्याला लागून असलेली खोली भाड्याने घेतली आणि तिथे स्वतःचे कलादालन, कार्यशाळा आणि बैठकीची जागा असे सगळे एकत्र सुरू केले, तेव्हापासून मी ते काम जवळून पाहते आहे. त्यावरून माझे मत ठाम झाले आहे की अशी जागा कॅम्पसच्या फाटकाबाहेर असावी आणि तिची किल्ली, हिशेबाची वही व वेळापत्रक या तिन्ही गोष्टी विद्यार्थ्यांच्याच हाती असाव्यात.

हे मत कुठल्या परदेशी विद्यापीठाचे पाहून झालेले नाही, कारण आपल्याकडे पेठेपेठेत कुस्तीच्या तालमी आहेत. तालीम म्हणजे केवळ लाल मातीचा हौदा नव्हे. वर्गणी काढणे, गणेशोत्सव उभा करणे, गल्लीतले भांडण मिटवणे, २०१९ च्या महापुरात घरोघरी जेवण पोहोचवणे ही सगळी कामे तिथल्या तरुण पोरांनी केली आहेत. वडीलधारी मंडळी कट्ट्यावर बसून लक्ष ठेवतात, चुकले तर बोलतात, पण दैनंदिन कारभार पोरांचा असतो आणि दार रस्त्यावर उघडते, त्यामुळे आत काय चालले आहे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसते. आमच्या विद्यार्थ्यांनी खोली शोधताना नेमकी हीच अट धरली होती. वरच्या मजल्यावरची अधिक मोठी आणि स्वस्त जागा मिळत असूनही त्यांनी ती नाकारली, कारण जिना चढून अनोळखी माणूस सहसा आत येत नाही.

शहराने विद्यार्थ्याला आपले मानण्याची परंपराही इथे जुनी आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभारायला चालना दिली आणि त्यातली अनेक आजही दसरा चौकाच्या आसपास उभी आहेत. खेड्यातून आलेला मुलगा तेव्हा शिक्षणसंस्थेच्या आवारात नव्हे, तर शहराच्या मध्यावर राहत होता. आज विद्यापीठ शहराच्या कडेला आहे आणि सांगली, सातारा, कागल, गडहिंग्लजकडून येणारे कितीतरी विद्यार्थी एसटीने येऊन एसटीनेच परत जातात. त्यांना कोल्हापूर म्हणजे मध्यवर्ती बसस्थानक ते वर्ग एवढेच ठाऊक असते, ही गोष्ट मला फार खटकते.

खोलीत प्रत्यक्ष काय घडते, हे सांगायला एक संध्याकाळ पुरेशी आहे. पावसाळ्याच्या तोंडावर विद्यार्थ्यांनी कुंभार गल्लीतल्या एका मूर्तिकाराला बोलावले होते. सगळे त्यांना तात्या म्हणतात. साच्यात शाडू दाबून बसवणे, दोन भागांचा सांधा ओल्या मातीने भरणे आणि बोटाने तो नाहीसा करणे हे त्यांनी करून दाखवले. एका मुलीच्या हाताखालची माती सारखी भेगाळत होती, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “पोरी, आधी हात ओला कर, मग मातीला लाव.” पुढे बोलणे वाळवणीवर आले. शाडूची मूर्ती उन्हात ठेवली तर तडकते, ती सावलीतच हळूहळू वाळवावी लागते आणि कोल्हापूरच्या पावसात त्याला आणखी वेळ लागतो. प्लास्टरची मूर्ती मात्र झटपट सुकते आणि हलकीही असते. वाणिज्य शाखेच्या एका विद्यार्थ्याने विचारले की मूर्ती जितके दिवस जागा अडवते, त्या जागेचे भाडे किमतीत धरले आहे का. तात्यांनी माती, रंग आणि मजुरी धरली होती, जागा धरली नव्हती. मग दोघांनी मिळून कागदावर हिशेब मांडला, दृश्यकलेच्या मुलांनी त्याचा वाचता येईल असा दरफलक केला आणि तो त्या हंगामात तात्यांच्या मांडवात लागला. गिऱ्हाईक किंमत विचारायच्या आधी शाडूची मूर्ती महाग का, हे वाचू लागले. चित्रकलेचा, हिशेबाचा आणि मातीचा विद्यार्थी एका टेबलाशी बसल्याशिवाय हे घडले नसते.

जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या मिलानमधल्या प्रदर्शनात कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या आणि देशभर चर्चा झाली, तेव्हाही असेच झाले. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या प्रत्येकी चार जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळाले आहे, हे अनेक विद्यार्थ्यांना त्या वेळीच कळले. पण त्यांनी निषेधाचे फलक रंगवण्याऐवजी एका कारागिराला बोलावले आणि बाभळीची साल व हिरडा वापरून कातडे कसे कमावतात, वेणी कशी घालतात, कान कसे बसवतात हे समजून घेतले. मला हा निर्णय फार योग्य वाटला, आणि तो त्यांनी कुणाही शिक्षकाला न विचारता घेतला होता.

एक नियम त्यांनी पहिल्यापासून कसोशीने पाळला आहे. कारागीर शिकवायला आला की त्याला मानधन द्यायचेच, आणि शाल-श्रीफळ हे मानधन समजायचे नाही. मूर्तिकाराची संध्याकाळ ही त्याच्या कामाची संध्याकाळ असते. पैसा विद्यार्थ्यांच्या वर्गणीतून, पेठेतल्या दुकानदारांच्या छोट्या देणग्यांतून आणि दिवाळीत विकलेल्या आकाशकंदिलांतून येतो. महिन्याचा जमाखर्च दाराबाहेरच्या फळ्यावर लिहिलेला असतो, त्यामुळे शेजाऱ्यांचा विश्वास बसायला फार वेळ लागला नाही.

खरी अडचण सातत्याची आहे. पदवीचा विद्यार्थी तीन-चार वर्षांत निघून जातो आणि त्याच्याबरोबर कुणाला फोन कधी करायचा, घरमालकांना कोणत्या शब्दांत बोलायचे, शेजारच्या आजींना कोणत्या वेळी आवाज चालत नाही हे सगळे ज्ञानही जाते. म्हणून खोलीत एक जाड वही आहे. प्रत्येक कार्यक्रमानंतर काय बिघडले, किती खर्च झाला आणि कुणी मदत केली, हे त्यात त्याच रात्री लिहायचे. शिवाय प्रत्येक जबाबदारीवर शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याबरोबर पहिल्या वर्षाचा एक असतो. नव्या अभ्यासक्रमात सामुदायिक सहभागाला श्रेयांक (क्रेडिट) मिळू लागले आहेत आणि त्याचा उपयोग जरूर करून घ्यावा, परंतु खोली श्रेयांकांवर चालू नये असे मला वाटते, कारण मग छायाचित्र आणि अहवाल एवढेच उरते.

ऑगस्ट २०२४ मध्ये केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली, त्यानंतर शहरातल्या हौशी रंगकर्मींची सरावाच्या जागांसाठी ओढाताण झाली. शाहू महाराजांच्या काळात पॅलेस थिएटर म्हणून उभे राहिलेले ते नाट्यगृह कुणा एका खोलीने भरून निघणारे नव्हते. तरी आमच्या मुलांनी टेबले भिंतीला लावून आठवड्यातल्या एका वारी रात्रीचे दोन तास नाटकवाल्यांना दिले, आणि महाविद्यालयातली मुले पहिल्यांदाच बँकेतल्या, गॅरेजमधल्या, शाळेतल्या नटांबरोबर वाचनाला बसली. आजही तो वार त्यांच्यासाठी राखलेला आहे.

दुसऱ्या एखाद्या महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांना असे काही सुरू करायचे असेल, तर त्यांनी प्राचार्यांकडे प्रस्ताव घेऊन जाण्याआधी ज्या पेठेत जागा हवी आहे तिथल्या तालमीच्या कट्ट्यावर जाऊन बसावे. कोणते घर रिकामे आहे, कोण भाडे कमी करील आणि गल्लीला मुळात काय हवे आहे, हे तिथे कळते. आमच्या खोलीचा पत्ताही तसाच मिळाला होता. लेखी करार मात्र अवश्य करावा, आणि त्यावर एका शिक्षकाबरोबर दोन विद्यार्थ्यांच्याही सह्या असाव्यात.