आमची वाटचाल : आधी टाकी, मग फ्रिज

आयटीआयला रेफ्रिजरेशनचा ट्रेड करून मी दापोलीत परतलो, तेव्हा आमच्याकडे फ्रिजचं काम म्हणजे गॅस भरणं, थर्मोस्टॅट बदलणं आणि हर्णैच्या मासळीवाल्यांचे डीप फ्रीजर चालू ठेवणं. दुकान नव्हतंच. स्कूटरवर गेज, मल्टिमीटर आणि पान्यांची पिशवी घेऊन फिरायचो. बंदरावरून फोन आला की जेवण टाकून निघायचं, कारण सुरमई-पापलेट कुणासाठी थांबत नाही. गाळा नंतर घेतला, भाड्याने. आज मी, माझा पुतण्या आणि हाताखाली एक मुलगा, असे तिघं आहोत.

मुरूड, कर्दे, लाडघरला घरगुती राहण्याजेवणाची सोय वाढली, मुंबईकरांचे बंगले झाले, तसे दारातूनच थंड पाणी आणि बर्फ देणारे दोन दारांचे मोठे फ्रिज आले. या मशीनने आमचं काम बदललं, ते एका चुकीमुळे.

कर्द्याच्या एका काकूंकडचा फ्रिज. तक्रार अशी की पाण्याची धार करंगळीएवढीही नाही, बर्फाचे खडे पातळ नि पोकळ, आणि पाणी बंद केल्यावरही खालच्या ताटलीत थेंब थेंब पडतंय. मी फिल्टर बदलला, मागचा, फ्रिजमध्ये पाणी सोडणारा इनलेट व्हॉल्व्ह बदलला, पैसे घेतले. दोन महिन्यांत पुन्हा तेच. पुन्हा नवा व्हॉल्व्ह. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा फ्रिजला हातच लावला नाही. मागची नळी सोडून बाटलीत धरली आणि घड्याळ बघत बसलो. बाटली भरता भरेना. वर बघितलं, तर टाकी स्लॅबवर, दारातल्या पाण्याच्या तोटीपासून जेमतेम चार मीटर उंच.

हिशेब साधा आहे. पाण्याची दहा मीटर उंची म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलोचा दाब, दाबाच्या दुसऱ्या मापात १४ पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड). चार मीटरला सहासुद्धा भरत नाही. असे फ्रिज बहुतेक किमान २० पीएसआय मागतात, म्हणजे टाकी चौदा मीटरवर हवी. आमच्या बैठ्या कौलारू घरांत ती कुठून येणार? शिवाय हा व्हॉल्व्ह नुसत्या स्प्रिंगने घट्ट बसत नाही, त्याला मागच्या पाण्याचा रेटाही लागतो. रेटा कमी पडला की तो पुरता मिटत नाही आणि पाझरत राहतो. म्हणजे माझे दोन्ही नवे व्हॉल्व्ह चांगलेच होते, आणि जुनाही बहुधा चांगला असावा.

मी काकूंना सगळं सांगितलं आणि दोन्ही व्हॉल्व्हचे पैसे पुढे केले. त्या म्हणाल्या, "पैशांचं राहू दे रे. पण हे पहिल्याच दिवशी का नाही बघितलंस?" मला उत्तर देता आलं नाही. पैसे मात्र मी ठेवून आलो. पाण्याचा दाब वाढवणारा छोटा बूस्टर पंप प्रेशर स्विचसह बसवला आणि त्या संध्याकाळी धार भरून आली.

तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे : आधी विहीर, टाकी, नळी, मग फ्रिज. फिल्टर सहा महिने चालतो असं पुस्तिकेत असतं, पण पावसाळ्यात जांभ्यातल्या विहिरीचं पाणी लालसर झालं की तो त्याच्या खूप आधी चोंदतो. समुद्राजवळच्या विहिरी मे महिन्यात मचूळ होतात, तेव्हा व्हॉल्व्हच्या जाळीवर क्षार बसतो; ती काढून धुतली की बऱ्याचदा काम होतं. धार एकदम बंद झाली असेल, तर दारातली नळी गोठली का ते बघतो. फ्रीजर उणे १८ वर ठेवायचा. त्याखाली ओढला की कधी कधी ती नळी गोठते. अशा वेळी स्क्रू ड्रायव्हर खुपसू नका, उकळतं पाणी ओतू नका. फ्रिज बंद करून दार उघडं ठेवा.

बर्फाचं दुखणं वेगळं. आमच्याकडे वीज जाते-येते. खडे अर्धवट वितळतात, पुन्हा गोठतात, फ्रीजरमधल्या बर्फाच्या बादलीत एकच ढेकूळ होतं आणि खडे पुढे ढकलणारं आतलं मळसूत्र फिरत नाही. मोटर घूं घूं करते, लोकांना वाटतं ती जळली. बादली काढून कोमट पाण्याने धुवायची, कोरडी करून बसवायची, आणि बर्फ पुन्हा धरायला २४ तास द्यायचे. तरी ढेकूळ होत असेल, तर बर्फ पडतो तिथली झडप नीट मिटते का ते बघायचं. पावसाळ्यातली दमट हवा तेवढ्या फटीतून आत शिरते. आणि खाऱ्या हवेने दारातल्या छोट्या स्विचवर हिरवा गंज चढतो. दाबला की टिक वाजतं, पण करंट जात नाही. तिथे मात्र स्विच बदलावाच लागतो.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं आणि कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. वीज आल्यावर आम्ही दिवसाला जमतील तेवढी घरं केली. बुरशी धरलेल्या बादल्या आणि नळ्या धुऊन देण्याचे पैसे आम्ही कुणाकडूनच घेतले नाहीत.

आता गाळ्यात एक जादा बूस्टर पंप असतो. दाब कमी दिसला तर तो आठ दिवस लावून देतो. फरक पडला तर गिऱ्हाईकाने स्वतःचा घ्यावा, नाही तर आमचा काढून आणतो. सध्या तो आंजर्ल्याच्या एका घरी आहे. शनिवारी पुतण्या जाऊन बघणार आहे.