डब्लिनमध्ये मिसेस मॅग्रा गाताना

"मॅग्राथ नाही गं मावशी, मॅग्रा," असे माझ्या सात वर्षांच्या भाच्याने मला स्वयंपाकघरात सुनावले, तेव्हा ज्या गाण्यासाठी मी पुण्यात चार महिने घसा झिजवला होता त्याच्या पहिल्याच नावात माझी चूक होती, हे मला समजले. नावाच्या शेवटचा 'थ' आयर्लंडमध्ये उच्चारत नाहीत. भाचा डब्लिनच्या शाळेत जाणारा असल्याने त्याच्या शब्दाला मान देणे भागच होते. ही गोष्ट 2018 च्या ऑक्टोबरातली. धाकट्या बहिणीकडे मी सहा आठवड्यांसाठी गेले होते, आणि निघण्यापूर्वीच मनाशी ठरवले होते की शहरातल्या एखाद्या लोकगीतांच्या बैठकीत एक तरी गाणे गाऊन परत यायचे.

गाणे ठरलेले होते, 'मिसेस मॅग्रा'. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीचे हे आयरिश लोकगीत आहे आणि त्याची गोष्ट चार वाक्यांत सांगता येते. भरतीचा सार्जंट मिसेस मॅग्रांना विचारतो की तुमच्या टेडला लाल डगला आणि मोठी तिरकी टोपी घालून शिपाई केला तर कसे दिसेल? मुलगा जातो आणि आई समुद्रकिनाऱ्यावर सात वर्षे वाट बघत बसते. अखेर एक जहाज येते, त्यातून टेड उतरतो, आणि त्याच्या दोन पायांच्या जागी लाकडाचे दोन खुंट असतात. त्यावर आई जे विचारते त्याने ऐकणारा आधी हसतो आणि मग ओशाळतो: तुझे ते दोन सुरेख पाय मागे ठेवून आलास तेव्हा तू प्यायलेला होतास की आंधळा झाला होतास, की समुद्रावरून चालत येताना ते गुडघ्यापर्यंत झिजले? मुलगा सरळ उत्तर देतो की पाच मे रोजी तोफेच्या एका मोठ्या गोळ्याने ते नेले. मग आई म्हणते, अरे, त्या गोळ्यापुढून पळाला का नाहीस?

या सगळ्याला जोडलेले पालुपद मात्र 'टू-री-आ, फॉल-द-डिडल-आ' असे निव्वळ निरर्थक आणि खुशालचेंडू आहे. आपल्या पोवाड्यातल्या 'जी जी रं जी'सारखेच ते ऐकणाऱ्यांनी उचलायचे असते. फरक इतकाच की पोवाड्यातला झील शाहिराच्या आवेशाला बळ देतो, तर इथले पालुपद दुःखाच्या प्रत्येक कडव्यानंतर येऊन जणू काही घडलेच नाही असे म्हणत उड्या मारते. रियाज करताना मी हे गाणे प्रथम विलंबित आणि करुण करून पाहिले आणि ते पार मेले. चाल कवायतीची आहे, ती कवायतीच्याच लयीत गायली पाहिजे, हे मला बऱ्याच उशिरा उमगले.

गाण्याचा दिवस शुक्रवार होता आणि घरात बसून घाबरण्यापेक्षा चालावे म्हणून मी सकाळी किलमेनमच्या जुन्या रॉयल हॉस्पिटलमध्ये गेले. नाव हॉस्पिटल असले तरी सतराव्या शतकात, 1680 नंतरच्या दशकात बांधलेली ही वास्तू निवृत्त आणि जायबंदी शिपायांच्या निवाऱ्यासाठी होती. पॅरिसच्या अशाच एका वास्तूवरून तिचा आराखडा घेतलेला आहे. 1991 पासून तिथे आधुनिक कलेचे संग्रहालय आहे. चौकाभोवतीच्या कमानींखालून फिरताना मला भिंतीवरच्या चित्रांपेक्षा पायाखालच्या फरशीचेच कुतूहल अधिक वाटले, कारण लाकडी पायांचा टकटक आवाज इथे किती वर्षे घुमला असेल याचा विचार मनातून जात नव्हता. त्या काळच्या ब्रिटिश फौजेत आयरिश माणूस अपवादाने नव्हे, ढिगाने होता. 1830 च्या सुमारास तर साध्या शिपायांत आणि हवालदारांत त्यांचे प्रमाण 42 टक्के होते. गरिबी, वाढती कुटुंबे आणि अपुरी जमीन असलेल्या देशात राजाचा शिलिंग, म्हणजे भरतीचे नाणे, हातावर ठेवणाऱ्या सार्जंटाला फार वक्तृत्व करावे लागत नसणार.

तिथून लिफी नदी ओलांडली की फिनिक्स पार्क लागते आणि त्यात ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनचा स्तंभ उभा आहे. उंची 62 मीटर, काम 1817 मध्ये सुरू होऊन 1861 मध्ये पुरे झालेले. उतरत्या दगडी पायथ्यावरून मुले घसरगुंडी खेळत होती. स्तंभाच्या तळाशी ब्राँझची मोठी शिल्पे आहेत आणि ती वॉटर्लूला, म्हणजे नेपोलियनच्या अखेरच्या पराभवाच्या लढाईत, हाती आलेल्या तोफा वितळवून ओतली, असे सांगतात. एका शिल्पात वॉटर्लू आहे, हे अपेक्षितच होते. दुसऱ्या बाजूला मात्र भारतातल्या लढायांचे शिल्प आहे, आणि त्याच्यापुढे मी बराच वेळ उभी राहिले.

याचे कारण घरगुती आहे. माझे आजोळ भोकरदनकडचे. केळणा आणि जुई या नद्यांच्या संगमाजवळचे असई हे गाव तिथून जवळ, आणि 23 सप्टेंबर 1803 रोजी तिथे शिंदे आणि भोसले यांच्या फौजांना हरवणारा आर्थर वेलस्ली म्हणजेच पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. तो डब्लिनचाच, 1769 चा जन्म. असईत त्याने इतकी माणसे गमावली की जिंकलेल्या फौजेतही मृत आणि जखमी मिळून पंधराशेच्या वर गेले. त्याच्या 74व्या हायलँड पलटणीचे तर बहुतेक सगळे अधिकारी पडले. हीच पलटण आठ वर्षांनी, मे 1811 मध्ये, नेपोलियनच्या फ्रेंच फौजेविरुद्धच्या युद्धात स्पेन-पोर्तुगाल सीमेवरच्या फुएन्तेस दे ओन्योरो या खेड्यात त्याच सेनापतीच्या हाताखाली पुन्हा लढली, आणि तिच्याच ब्रिगेडमध्ये आयरिश शिपायांची 88वी पलटण, म्हणजे कॉनॉट रेंजर्स, होती. खेड्याच्या गल्ल्यांतून 88व्या पलटणीने संगिनींनी चढाई केली तो दिवस 5 मे. गाण्यातली तारीख हीच असावी असे अनेकजण मानतात आणि मलाही ते पटते, कारण टेडची आई ज्या स्पेनच्या राजाला बोल लावते तो याच युद्धातला आहे. असईहून स्पेनला गेलेल्या माणसांच्या रांगेत टेड उभा होता, ही कल्पना त्या सकाळी मला सुचली आणि मग गाणे परके राहिले नाही.

रात्री पार्नेल स्क्वेअरवरच्या टीचर्स क्लबात गोयलीनची बैठक होती. 1979 पासून चालत आलेल्या या गायनमंडळाच्या आयरिश नावाचा अर्थ 'लहानशी खाडी' असा आहे. तिथे मंच नाही, माइक नाही, आणि वाद्य तर नाहीच. माणसे खुर्च्यांवर कडेने बसतात, रात्र चालवणारी व्यक्ती एकेकाकडे बघून गाण्याची विनंती करते किंवा आधीचा गायक पुढच्याचे नाव सुचवतो, आणि गाणारा बसल्या जागेवरून गातो. कोणी कुजबुजू लागले तर 'क्यूनस' असा एकच शब्द येतो, म्हणजे शांतता. आयरिश भाषेतली 'शॅन-नोस', म्हणजे जुन्या रीतीची, गाणी म्हणताना गाणारा बहुधा डोळे मिटतो आणि शेजारचा त्याचा हात धरून लयीत हळूहळू फिरवतो. मैफलीत डोक्याने नाही तर हाताने दिलेली दाद मी प्रथमच पाहिली.

भजनी मंडळात वाढलेल्या माणसाला पेटीचा आधार इतका सवयीचा असतो की तो नसताना आपण किती उघडे पडतो हे तिथे गेल्यावरच कळते. सूर कोणी देत नाही, आपला आपण धरायचा. माझी पाळी आली तेव्हा भीतीपोटी मी तो चांगला दोन स्वर वर धरला आणि पहिल्याच ओळीत कळून चुकले की चौथ्या कडव्यापर्यंत घसा टिकणार नाही. पण थांबायची सोय नव्हती. सार्जंट बोलला, डगला आणि टोपी झाली, आणि पालुपद आले तेव्हा अख्ख्या खोलीने ते इतक्या सहजपणे उचलले की माझा सूर मला बाहेरून परत मिळाला. त्या तीस-चाळीस गळ्यांनी पट्टी खाली आणली नाही, लय मात्र हातात घेतली.

गफलत पुढे झाली. टेड गेला आणि मी थेट जहाजच किनाऱ्याला लावले. मधले आईच्या सात वर्षांचे कडवे माझ्या डोक्यातून साफ पुसले गेले होते. चूक लक्षात येताच मी थबकले, तेव्हा दोन खुर्च्या सोडून बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी, डोळे न उघडता, त्या कडव्याचे पहिले तीन शब्द हलकेच म्हटले. मी जहाज माघारी पाठवले, आईला किनाऱ्यावर बसवले, आणि एकदम लक्षात आले की सात वर्षांचे ते थांबणे नसेल तर पुढचा सगळा विनोद नुसता क्रूर होतो. तोफगोळ्यापुढून पळाला का नाहीस, ही ओळ आली तेव्हा लोक हसले. त्यानंतरच्या पालुपदात आवाज थोडे खाली आले होते. मी तसे करायला सांगितले नव्हते.

शेवटच्या कडव्याबद्दल घरी मी बराच घोळ घातला होता. अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन यांनी 2006 मध्ये प्रकाशित केलेल्या रूपात परदेशातली युद्धे रक्तावर आणि आईच्या वेदनेवर पोसली जातात, असे थेट म्हटलेले आहे, आणि ते ऐकायला प्रभावी आहे. जुन्या रूपात मात्र आई स्वतःच राजांविरुद्ध युद्ध पुकारते आणि माझ्या लेकराचे पाय नेल्याचा त्यांना पश्चात्ताप करायला लावीन, असे बजावते. मला हे जुने रूप अधिक खरे वाटते. युद्धाच्या विरोधात बोलताना शहाणपण आठवणे हे ऐकणाऱ्यांचे काम झाले, त्या बाईला फक्त सूड आठवतो, आणि सगळ्या फ्रेंच आरमारापेक्षा धडधाकट टेड बरा, एवढा एकच हिशेब तिला येतो. मी जुनेच गायले.

गाणे संपल्यावर तिथल्या रीतीनुसार पुढच्या गायकाचे नाव सुचवण्याचा मान माझा होता. तेवढ्या अवधीत मधल्या खुर्च्यांवरून वाकून ते वृद्ध गृहस्थ मला म्हणाले की तुम्ही भारतातून आलात, तर या वेलिंग्टनची ओळख तुम्हाला आमच्याआधीची आहे. मी असईचे नाव घेतले. त्यांना ते ठाऊक होते. त्यांनी विचारले की त्या लढाईत पाय गमावून घरी आलेल्यांचे एखादे गाणे तुमच्या आजोळी म्हणतात का, आणि मला उत्तर देता आले नाही. आजीच्या जात्यावरच्या ओव्यांत भाऊ होते, माहेर होते, पंढरी होती. त्यांत असई मी कधी ऐकली नव्हती, आणि ऐकली असती तरी त्या वयात लक्ष दिले असते याची खात्री नाही.

खोली माझ्या बोलण्याची वाट बघत होती. मी त्यांच्याचकडे हात केला. ते हसले, खुर्चीत सावरून बसले, डोळे मिटले, आणि शेजारच्या बाईंनी त्यांचा हात आपल्या हातात घेतला.