पोटदुखीची पेशंट

पावसाळ्यात नाईट लागली की मी आधी ड्युटी लिस्ट बघते. त्या रात्री बघूनही उपयोग नव्हता, एक सिस्टर बाळंतपणाच्या रजेवर, दुसरीला आयसीयूला पाठवलेली, म्हणजे मेडिसिन वॉर्डच्या 41 पेशंटना मी आणि एक स्टुडंट पोरगी. नर्सिंग काउन्सिलच्या नियमात टीचिंग हॉस्पिटलच्या वॉर्डला एका पाळीत 9 पेशंटमागे 1 नर्स आहे, पण ते परीक्षेपुरतं पाठ करायचं!

पहाटे तीनच्या सुमारास राधानगरीकडची एक पोरगी वर आली, पोटदुखी आणि उलटी, खाली गॅसचं इंजेक्शन दिलेलं. आई म्हणाली, "चांगली जेवून झोपली हुती ओ सिस्टर, एकदम उठली ती पोट धरूनच." सलाइन लावून मी पलीकडच्या आजींची शुगर बघायला निघाले होते, तेवढ्यात पोरगीनं पाणी मागितलं आणि आवाज नाकातून आल्यासारखा वाटला म्हणून वळून बघितलं तर पापण्या अर्ध्या खाली, कपाळाला आठ्या घालून ती डोळे उघडायला बघतेय पण उघडत नाहीत.

"कुठं झोपली होती ही?"

"खालीच की, चटई टाकून."

मण्यार, विषारी साप चावला होता! चावल्याची खूण कुठंच सापडली नाही, मण्यारीची बऱ्याचदा सापडतही नाही, ना सूज ना आग, पोटात दुखतं आणि लोक गॅस समजतात.

डॉक्टर पळत आले. श्वासाचा जोर बघायला एका श्वासात आकडे मोजायला लावले, आधी वीसपर्यंत गेली, थोड्या वेळानं नवावरच अडकली. मी एएसव्ही, म्हणजे सापाच्या विषावरचं इंजेक्शन, भरायला बसले. दहा व्हायल, आत पावडर, प्रत्येकीत पाणी घालून हळूहळू फिरवायचं, जोरात हलवलं की फेस होतो. घाई असताना हात हळू चालवायचा म्हणजे काय ते तिथं कळतं. रिअ‍ॅक्शन आली तर म्हणून अ‍ॅड्रिनॅलिन शेजारी भरून ठेवलं. श्वासाची नळी टाकली पण व्हेंटिलेटर रिकामा होईपर्यंत स्टुडंट पोरगी अँबू, म्हणजे हातानं श्वास द्यायची पिशवी, दाबत उभी, तिचे हात भरून आले की वॉर्डच्या मावशी, मग परत ती.

तोपर्यंत बाकीचे चाळीस पेशंट देवाच्या भरवशावर. आजींची शुगर दोन तास उशिरा झाली, सकाळी त्यांच्या मुलानं मला सगळ्यांसमोर झापलं. त्याचं काय चुकलं? स्टाफ कमी म्हणजे सिस्टर दमतात एवढंच लोकांना वाटतं, पण दमणं चालतंय हो, पेशंटकडं वळून बघायला सवड राहत नाही ते वाईट.

पोरगी पाचसहा दिवस व्हेंटिलेटरवर होती. नळी काढल्यावर मी आयसीयूत डोकावले तर घसा बसलेला, तरी आईशी मोबाईलवरून भांडत होती. असलं बरं वाटलं म्हणून सांगू!

स्टुडंट पोरगी यंदा पास होऊन बाहेर पडेल. जर्मन भाषेचा क्लास लावलाय म्हणाली, तिकडं नर्सला मागणी आहे. जा म्हणाले. पण जाईपर्यंत माझ्या नाईटला तिलाच द्या म्हणून मेट्रनना सांगून आलेय.